पावसात ईएलसीबी पडतोय? भिंत फोडायच्या आधी हे तपासा

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: ‘काल रात्रीपासून मेन पडतोय, वर केला तरी राहत नाही.’ हा पडणारा मेन म्हणजे बहुतेक वेळा ईएलसीबी, करंट जमिनीत गळायला लागला की घराची लाइन तोडणारा स्विच. दादर-माहीमची जुनी इमारत असो, बोरिवलीची सोसायटी असो की मुलुंडचा नवा टॉवर, फरक फारसा नाही. कन्सिल, म्हणजे भिंतीत गाडलेल्या, वायरिंगच्या पाइपात ओल शिरली की हे होतं, आणि मुळापासून काढलं नाही तर दर पावसाळ्यात होत राहतं.

हे काम करताना दोन गोष्टी घरोघरी चुकताना दिसतात. पहिली: भिंतीतली वायर गेली असं धरून आधी छिन्नी-हातोडा निघतो. खरं तर पाइपाच्या मधोमध असलेली अखंड वायर क्वचितच दगा देते. दोष असतो टोकांना, म्हणजे बोर्डाच्या मागे, जंक्शन बॉक्समधल्या जॉइंटला किंवा पंख्याच्या हुकापाशी. दुसरी: सगळे फेज (करंट आणणारी वायर) तपासतात, न्यूट्रलकडे (तो परत नेणारी) कोणी बघत नाही.

लक्षणं

सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) सगळे वर असतात आणि एकटा ईएलसीबी पडतो. (टेस्ट बटण असलेला तो. नव्या बोर्डांवर आरसीसीबी असतो, पण सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात.) पाऊस चालू असताना किंवा थांबल्यावर काही तासांनी पडतो आणि दोन दिवस ऊन पडलं की जणू काही झालंच नाही असा राहतो.

कधी सगळं बंद असताना तो शांत असतो, पण मिक्सर किंवा इस्त्री लावली की लगेच पडतो. तोच मिक्सर शेजारच्या घरात नेला तर मजेत चालतो. हे लक्षण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बोर्डाच्या स्क्रूला किंवा ओल्या भिंतीला हात लागला की झिणझिण्या येतात. बोर्डाच्या कडेने तपकिरी ओघळ दिसतात, स्क्रू गंजलेले असतात, स्विच दाबताना चरचर आवाज येतो. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा मंद पेटलेला राहतो. या शेवटच्याला ओलीखेरीज इतरही कारणं असतात, पण एरवी न दिसणारा हा प्रकार पावसातच दिसायला लागला तर ओलीवर संशय घ्यायचा.

एमसीबी वर करताक्षणी ठाप्पकन पडत असेल तर तो शॉर्ट आहे. एसी आणि गीझर एकत्र चालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर तो ओव्हरलोड. त्यांचा इलाज वेगळा, इथे आपण फक्त ईएलसीबीबद्दल बोलतोय.

आधी हे समजून घ्या

ईएलसीबी मोजतो एकच गोष्ट: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही. फरक पडला म्हणजे बाकीचा करंट दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला. ती वाट ओली भिंत असेल, अर्थिंगची वायर असेल किंवा तुमचं शरीर असेल. घरात साधारण ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असतो आणि तो १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टला १५ मिलिअँपिअर म्हणजे सुमारे १५ हजार ओहमची वाट. मिठाच्या हवेत मुरलेला ओला प्लास्टर आणि त्याला चिकटलेला एक उघडा जॉइंट यांना एवढी वाट तयार करायला वेळ लागत नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. ‘ईएलसीबीच खराब आहे, काढून डायरेक्ट करून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. ३० च्या जागी १०० मिलिअँपिअरचा बसवून देणाराही त्याच जातकुळीतला. लीकेज तसंच राहतं, फक्त तुम्हाला कळायचं बंद होतं.

फुकटातल्या तपासण्या

*अलीकडे भिंतीत काय ठोकलं?* सगळ्यात आधी हा प्रश्न. टीव्हीचा स्टँड, पडद्याचा रॉड, मॉड्युलर किचनचे हुक, गणपतीच्या मखराला मारलेले खिळे. वायरिंगचे पाइप सहसा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवे जातात, आणि नेमकं बोर्डाच्या वरच फ्रेम लावायचा मोह सगळ्यांना होतो. खिळ्याने वायरचं कव्हर फक्त खरचटलेलं असेल तर कोरड्या भिंतीत तो वर्षभर गप्प बसतो. भिंत ओली झाली की त्याच खिळ्यातून करंट भिंतीत उतरतो. मेन पडायला लागला जुलैत आणि खिळा मारला मागच्या सप्टेंबरात, म्हणून दोघांचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. खिळा आठवला तर तो स्वतः उपटू नका. जागेवर पेन्सिलीने खूण करा आणि वायरमनला दाखवा.

*सगळे प्लग उपटा.* नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्याकडचं साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल यंत्रात तशीच जोडलेली राहते. फ्रिज, वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या पिना सॉकेटमधून बाहेर काढा आणि मग ईएलसीबी वर करा. राहिला तर एकेक यंत्र परत लावत जा.

यात गीझरवर खास नजर ठेवा. एप्रिल-मेमध्ये मुंबईत गीझर कोणी लावत नाही. त्या दोन महिन्यांत कॉइलच्या आतली पावडर हवेतला दमटपणा पिऊन बसते. पाऊस सुरू होतो, हवा गार होते, कोणीतरी पहिल्यांदा गीझर लावतं आणि मेन पडतो. दोष पावसाच्या खात्यावर जातो, पण पाइपांचा इथे काहीच संबंध नसतो. गीझर बंद ठेवून घर दोन-तीन पावसात नीट चाललं तर आधी कॉइल तपासून घ्या, वायरिंगला हात लावू नका. मात्र गीझर बहुतेक ठिकाणी पिनेऐवजी थेट जोडलेला असतो. तो सोडवायचं काम वायरमनचं.

इन्व्हर्टर असेल तर तोही वायरमनला सांगून ठेवा. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल ईएलसीबीच्या चुकीच्या बाजूला जोडलेली घरं मुंबईत पैशाला पासरी आहेत.

*एकेक एमसीबी.* सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा. राहिला तर एमसीबी एकेक करून वर न्या, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याच्यावर पडला ती लाइन संशयित. तो खाली ठेवून बाकीचं घर चालवा, निदान रात्र तरी निघेल.

पण इथेच फसगत होते. साधा एमसीबी एकाच वायरचा असतो, तो फक्त फेज तोडतो. खाली केला तरी त्या लाइनची न्यूट्रल डीबीतल्या (म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या पेटीतल्या) न्यूट्रल पट्टीला जोडलेलीच राहते. समजा बेडरूमच्या दिव्यांची न्यूट्रल पाइपात कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला टेकली आहे. बेडरूमचा एमसीबी खाली असला तरी स्वयंपाकघरात मिक्सर लावला की त्याचा करंट परतताना थोडा सरळ जातो आणि थोडा बेडरूमच्या न्यूट्रलमधून अर्थिंगला पळतो. ईएलसीबीला फरक दिसतो, तो पडतो. शिव्या मिक्सर खातो. मिक्सर दुरुस्तीला जातो, ठीक होऊन येतो, परत पडतो. आता वर सांगितलेलं लक्षण आठवा. शेजारी चालणारं यंत्र तुमच्याकडे मेन पाडत असेल तर बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असतं आणि भलत्याच खोलीतली न्यूट्रल दोषी असते.

सगळे एमसीबी खाली असूनही ईएलसीबी राहत नसेल तर दोन-तीनच शक्यता उरतात: एखाद्या लाइनची न्यूट्रल जोरात अर्थ झाली आहे, डीबीच्या आतच पाणी आहे, किंवा ईएलसीबी स्वतः गेला आहे. तिन्हींसाठी डीबी उघडावा लागतो. तुमचा हात इथे थांबतो.

*बाहेरच्या वस्तू.* गॅलरीतला दिवा, दाराबाहेरची बेल, खिडकीतला एग्झॉस्ट, एसीचं बाहेरचं युनिट. यांच्यावर पाऊस थेट येतो आणि यांचे होल्डर, कनेक्टर बहुतेक वेळा आतल्या वापरासाठीचेच असतात. पश्चिमेला तोंड असलेली गॅलरी असेल तर सुरुवात इथूनच करा. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो आणि पाणी छज्जाखाली आडवं मारतं. दिव्याच्या काचेत पाणी किंवा बाष्प दिसलं तर कारण बहुधा सापडलं.

*घड्याळ बघा.* याला काही लागत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. डीबीच्या दाराला एक कागद चिकटवा. मेन कधी पडला, पाऊस कधी सुरू झाला होता, एवढंच लिहा. पाऊस सुरू होताच पडत असेल तर उघड्यावरची वस्तू. चार-सहा तासांनी पडत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पाणी मुरत आत येतंय. पाऊस थांबल्यावरही दिवस-दिवस त्रास राहत असेल आणि घर सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर गच्ची, आणि तिथे पहिला संशयित पंख्याचा बॉक्स. आणि पावसाशी काही मेळच न बसता रोज सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पडत असेल तर वरच्यांचं न्हाणीघर गळतंय. असा चार दिवसांचा कागद हातात मिळाला की माझं अर्धं काम झालेलं असतं.

*टेस्ट बटण.* महिन्यातून एकदा दाबा, ईएलसीबी पडला पाहिजे. दाबून पडत नसेल तर तो लगेच बदला. एक लक्षात घ्या, बटण दाबल्यावर पडला याचा अर्थ घराचं अर्थिंग ठीक आहे असा नाही. ते बटण अर्थिंगला विचारतच नाही.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही असेल तर मेन खाली करा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, तोवर परत वर करू नका: नळाला, भिंतीला किंवा खिडकीच्या ग्रिलला करंट लागतोय. बोर्डातून पाणी ठिबकतंय. जळकट वास येतोय किंवा बोर्ड गरम लागतोय. सगळे एमसीबी खाली असूनही ईएलसीबी राहत नाही. भिंतीत लोखंडी पाइप आहेत. घरात ईएलसीबीच नाही आणि शॉक लागतोय. मेन खाली करताना हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि जमिनीवर पाणी असेल तर मेनपर्यंत जाऊच नका. खालच्या मीटर रूममधून लाइन बंद करायला सांगा.

काही दिवे अचानक फार प्रखर आणि काही मंद झाले, पंखे सुसाट पळायला लागले, तर ती इमारतीची मेन न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. टीव्ही-फ्रिज जळायला काही मिनिटं पुरतात. लगेच मेन खाली करा आणि वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, तुमचं जे बिल येतं ती. मीटरच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला, घरगुती वायरमननेही हात घालायचा नसतो.

पेन-टेस्टरवर विसंबून बोर्ड उघडू नका. ओल्या पाइपात शेजारच्या वायरचा भास होऊन बंद वायरीवरही तो मंद पेटतो, आणि न्यूट्रल तुटली असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. ‘दोन्हीकडे फेज आला’ म्हणून घाबरून आलेले फोन बहुतेक याचेच असतात.

वायरमन आल्यावर काय व्हायला हवं

हे तुम्ही करायचं नाही, पण तो काय करतोय हे कळलं पाहिजे, नाहीतर तो भिंत फोडेल आणि तुम्ही बघत बसाल.

पहिलं काम डीबीत. मीटरकडचा मेन बंद करून सगळ्या लाइनींच्या न्यूट्रल पट्टीवरून सोडवायच्या, प्रत्येकीला तिच्या एमसीबीचा नंबर लावायचा. जुन्या डीबीत हे करायलाच निम्मा वेळ जातो, कारण सात एमसीबी आणि पाच न्यूट्रल असा हिशेब निघतो. कोणीतरी दोन लाइनींना एकच न्यूट्रल वापरलेली असते. मग ईएलसीबीच्या पुढचं सगळं सोडवून तो रिकामा चालू करायचा. रिकामाही पडला तर तो बदलायचा आणि बिल द्यायचं, एवढ्यावर भागलं तर नशीब.

त्यानंतर मेगर, म्हणजे वायरीतून करंट बाहेर गळतोय का ते मोजणारं मीटर. साध्या मल्टिमीटरने ओल सापडत नाही, कारण त्याच्या बॅटरीच्या व्होल्टेजला ओली भिंत दाद देत नाही. मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडतो. लावण्याआधी एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, बेल, सगळं सोडवायचं, नाहीतर तपासणीतच ते मरतात. लाइनची फेज आणि न्यूट्रल दोन्ही अर्थिंगच्या विरुद्ध तपासायच्या. नियमाने एका मिनिटानंतर निदान १ मेगाओहम यायला हवा. चांगल्या कोरड्या लाइनला शेकड्यांत येतो. ओल्या पाइपातल्या, उघड्या जॉइंटच्या लाइनला ०.०२ वगैरे दिसतं आणि काटा तिथेच लोळत राहतो. ज्याच्याकडे मेगर नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. अंदाजाने वायरी बदलत बसेल आणि पैसे वायरींचे द्याल.

दोषी लाइन कळली की तिला मधे तोडायचं. समजा हॉलच्या लाइनवर पाच बोर्ड एकामागून एक लूप केलेले आहेत. तिसऱ्या बोर्डात लूप सोडवला की डीबीकडचा भाग आणि पुढचा भाग वेगळा मोजता येतो. जो खराब तो परत मधे तोडायचा. दोन-तीन वेळा असं केलं की दोष एका पाइपापुरता उरतो, दोन बॉक्समधला. भिंतीला अजून ओरखडाही आलेला नसतो.

आता ती दोन टोकं उघडायची, आणि यातही क्रम असतो. आधी सगळ्यात खालचा बॉक्स. पाइप स्लॅबमधून भिंतीत उतरून बोर्डात येतो, त्यामुळे वर कुठेही शिरलेलं पाणी शेवटी बोर्डातच जमतं. जुन्या काही घरांत पाइप एका बोर्डातून खाली लादीखालून जाऊन समोरच्या भिंतीत वर चढतो. असा पाइप खाली झुकलेला असतो आणि त्यातलं पाणी मे महिन्यातही आटत नाही.

बोर्ड उघडला की मी प्लेटच्या मागची बाजू बघतो. माहीमला समुद्राकडच्या एका घरात प्लेट काढली तर लोखंडी बॉक्सचा तळ गंजून कागदासारखा झालेला, सॉकेटच्या पितळी टर्मिनलवर हिरवी बुरशी धरावी तसा थर, आणि त्यातून बाहेर आलेल्या तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. वरच्या पाइपाच्या तोंडाशी तीन वायरी एकत्र पिळून टेप मारलेला जॉइंट पाइपात ढकलून दिला होता. टेपचा चिकटपणा गेलेला, टेप हाताने सरकत होता आणि आतून पाण्याचा थेंब बोटावर आला. वायर पूर्ण धडधाकट होती. पाण्यात बुडालेली अखंड पीव्हीसी वायर लीकेज देत नाही. लीकेज देतो तो माणसाने केलेला जॉइंट. पाइपात जॉइंट घालायचाच नसतो, तो फक्त बॉक्समध्ये, आणि टेपवर न सोडता कनेक्टरमध्ये.

दोन्ही बॉक्स साफ करून, जॉइंट नव्याने करून परत मेगर लावा. बहुतेक ठिकाणी आकडा इथेच वर येतो. नाही आला तर वायर ओढायची.

वायर ओढणं

पीव्हीसीचा पाइप आणि दोनच बेंड असतील तर हे तासाभराचं काम. जुन्या वायरीच्या टोकाला नव्या वायरी बांधायच्या, गाठ निमुळती करायची, टेपने गुळगुळीत करायची, आणि एकाने ओढायचं तर दुसऱ्याने दुसऱ्या टोकाने सरळ सोडत जायचं. टाल्कम पावडर लावली तर वायर सरकते. तेल किंवा ग्रीस लावू नये, ते पीव्हीसीला खातं. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही बदला, एकच बदलण्यात अर्थ नाही. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगना २.५, एसी-गीझरला ४, सगळ्यांवर आयएसआयची खूण. आणि पाइपात जागा शिल्लक राहिली पाहिजे, निम्म्याहून कमीच भरायचा. नंतर एसीसाठी म्हणून कोणीतरी त्याच पाइपात आणखी दोन वायरी कोंबलेल्या असतात, तिथे ओढताना कव्हर सोलवटतं आणि पुढच्या पावसाळ्याची सोय होते.

जुनी वायर हलतच नसेल तर जोर लावू नका. तुटली तर वाटही गेली. दोन्ही टोकांनी स्प्रिंग (पाइपातून वायर ओढायची लवचिक तार) घालून बघायचं, कुठे अडते ते स्प्रिंगवर खूण करून बाहेर काढून मोजायचं. दोन्ही बाजूंची मापं भिंतीवर उतरवली की अडथळ्याची जागा हातभर अंतरात कळते. फोडायची वेळ आलीच तर तेवढीच फोडायची. तिथे बहुतेक वेळा न चिकटवलेला कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) निसटून आत सिमेंट गेलेलं दिसतं, किंवा तो आपला सप्टेंबरातला खिळा.

माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंत फोडूच नका. प्लास्टर वाळत नाही, ओल आतच कोंडली जाते. दोषी तुकडा दोन्ही टोकांनी सोडवून वेगळा करा आणि तेवढ्यापुरती वरून पट्टी मारून नवी वायर घ्या. केसिंग पट्टी दिसायला बरी नसते, हे खरं. पण ती कोरडी असते, आणि दिवाळीनंतर भिंत वाळली की सावकाश कन्सिल करता येतं. कित्येक घरांत ती पट्टी नंतर कायमची राहते आणि कोणाचं काही अडत नाही.

लोखंडी पाइपाची घरं

साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतींत काळा लोखंडी पाइप असतो. त्याच्या कापलेल्या कडा धारदार असतात, तोंडाला बुश नसेल तर वायर तिथेच कापली जाते. आत गंजाचे पोपडे निघालेले असतात. त्या काळी पाइपालाच अर्थिंग समजलं जायचं. आज मधले सांधे गंजून तुटलेले असतात, त्यामुळे फेज पाइपाला टेकला की ईएलसीबी पडतही नाही आणि भिंतभर करंट फिरतो. अशा घरात मलमपट्टी करू नका. नवे पाइप किंवा पट्टी, स्वतंत्र अर्थिंग वायरसह पूर्ण वायरिंग, हाच इलाज, आणि तो परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच. त्या मानाने चाळीतली लाकडी पट्टीवरची उघडी वायरिंग सोपी. दिसते, हाताळता येते, खराब झालेली लपत नाही.

तळमजल्याची घरं हा आणखी वेगळा प्रकार. हिंदमाता, कुर्ला, मिलन सबवेच्या आसपास पाणी बोर्डापर्यंत चढतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असे बोर्ड शेकड्यांनी बुडाले. पुराचं गढूळ पाणी गेलेले स्विच, सॉकेट, एमसीबी वाळवून परत वापरू नयेत, बदलायचे. पाइपात हवेचा ब्लोअर मारून गाळ काढायचा, मेगर लावून वायरीचा निकाल घ्यायचा आणि सॉकेट वरच्या उंचीवर न्यायचे.

पाण्याचं काय?

वायर बदलली आणि गळती तशीच ठेवली तर पुढच्या जूनला भेटूच. बाहेरच्या भिंतीच्या भेगा, गच्ची, सामायिक पाइप यांतून येणारं पाणी सोसायटीने तिच्या खर्चाने थांबवायचं असतं, तसं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची विजेची लाइनही सोसायटीचीच. सेक्रेटरीला फोन करून विषय संपवू नका, लेखी अर्ज द्या. सोबत ओलीचे फोटो आणि तो वेळा लिहिलेला कागद जोडा. त्या कागदापुढे ‘आमच्याकडून गळत नाही’ म्हणणारे वरचे शेजारीही जरा नरमतात.

गळती नसूनही पाइपात पाणी सापडलं तर एसी बघा. बाहेरच्या डक्टमधली गरम दमट हवा पाइपातून एसीच्या गार खोलीतल्या बोर्डात येते आणि तिथे घाम धरते. पाइपाचं तोंड मऊ राहणाऱ्या सीलिंग पुट्टीने बंद करा. एम-सील नको, ते दगड होतं आणि पुढच्या वेळी वायर ओढायला आलेला माणूस तुमचं नाव घेत बसतो.

काम झाल्यावर वायरमनकडून प्रत्येक लाइनचा मेगरचा आकडा आणि तारीख डीबीच्या दाराच्या आत लिहून घ्या. पुढच्या वर्षी मेच्या शेवटी, पावसाआधी, परत मोजा. २०० मेगाओहमची लाइन ५ वर आली असेल तर ती अजून चालू आहे, ईएलसीबीही पडत नाही, पण कुठलातरी बॉक्स ओला व्हायला लागलाय. तो कोरड्या भिंतीत, सावकाश, एकाच व्हिजिटमध्ये सापडतो.